देवघरातून दिवाणखान्यात

नव्या फ्लॅटची सजावट ठरायला लागली की एक मागणी हमखास पुढे येते: एखादा कोपरा तरी जुन्या वळणाचा हवा. मग शोध सुरू होतो. पुण्यात बुधवारी आणि रविवारी भरणारा जुना बाजार, मुंबईत चोरबाजारातली मटन स्ट्रीट, ओशिवऱ्याची जुन्या फर्निचरची दुकानं. पाडलेल्या वाड्याचा सागवानी दरवाजा मिळतो आणि आडवा टाकून, वर काच बसवून त्याचं टीपॉय होतं. तांब्याच्या घंगाळात पाणी भरून मेणबत्त्या तरंगत सोडल्या जातात. जात्याच्या वरच्या दगडाला दाणे टाकायचं जे तोंड असतं, त्यात मनीप्लँट लावला जातो. हा माल बाजारात आला कुठून, हेही विसरू नये. १९४७च्या भाडे नियंत्रण कायद्यानं वाड्यांची भाडी गोठली, मालकांना डागडुजी परवडेना. १२ जुलै १९६१ला पानशेतचं धरण फुटलं आणि पुण्याच्या नदीकाठच्या पेठांतले कितीतरी वाडे एका दिवसात बसले. उरलेल्यांच्या जागी अपार्टमेंट उभी राहिली. तुळया, खांब, गणेशपट्ट्या, कडी-कोयंडे आणि माळ्यावरची भांडी यांना नवा धनी शोधावा लागला. त्या ओघात देवघरातल्या वस्तूही बाहेर आल्या, आणि मला विचार करायला लावतात त्या विशेषकरून याच वस्तू. लाकडी देव्हारा आता पुस्तकांचं कपाट होतो किंवा त्यात दिवे सोडून काचेच्या बाटल्या मांडतात. चांदीचे टाक काळ्या मखमलीवर बसवून चौकटीत घालतात आणि त्यावर वरून प्रकाश सोडतात.

टाक म्हणजे काय, हे जवळून पाहायला हवं. चांदीचा पातळ पत्रा, बहुधा काडेपेटीपेक्षाही लहान, मागून ठोकून त्यावर देव उठवलेला असतो. घोड्यावरचा खंडोबा आणि त्याच्यामागे म्हाळसा, अष्टभुजा भवानी, जोतिबा, आणि घराण्यात कुणी पराक्रमानं किंवा अकाली गेलं असेल तर त्याचा वीर. जुना टाक हातात घेतला की आधी जाणवतं ते त्याचं झिजणं. रोजचं स्नान, रोजचं पुसणं, गंध लावणारं बोट, यांनी देवाचं नाक सपाट झालेलं असतं, डोळे जेमतेम कळतात, घोड्याचे पाय पत्र्यात विरून गेलेले असतात. उठावाच्या खाचांत मात्र हळद बसलेली असते, कितीही घासली तरी न निघणारी. हा टाक चौकटीत गेला की त्याचं काय होतं? तो देवच राहतो, की नुसती चांदी उरते, की लोककलेचा नमुना होतो? विकत घेणाऱ्याच्या मनात अवमान नसतो. उलट आदर असतो, घरात आपल्या मातीचं काही असावं अशी ओढ असते. ती ओढ मला खरी वाटते, आणि खरी वाटते म्हणूनच तिला पुढचा प्रश्न विचारावासा वाटतो: हा आदर नेमका कशाचा आहे?

जुनेपणाचा, असं उत्तर सहज येतं. पण ज्या परंपरेचा हवाला देऊन आपण या वस्तू घरात आणतो, तिला जुनेपणाचं फारसं कौतुक कधी नव्हतं. गणेश चतुर्थीला शाडूचा गणपती येतो, त्याची प्राणप्रतिष्ठा होते आणि तो देव होतो. उत्तरपूजा झाली, विसर्जन झालं की पुन्हा माती. माती तीच. मधल्या दीड, पाच किंवा दहा दिवसांत तिच्याशी आपलं जे नातं होतं त्यालाच आपण देवपण म्हटलेलं असतं. लक्ष्मीपूजनाला केरसुणीला हळदकुंकू वाहतात, आणि ती केरसुणी नवी कोरी आणलेली असते. नवरात्रात घट दरवर्षी नवा बसतो. पुरीच्या जगन्नाथाची लाकडी मूर्ती काही वर्षांनी बदलली जाते, अगदी अलीकडे २०१५ मध्ये बदलली, आणि जुन्या मूर्तीला विधिपूर्वक मातीत निरोप देतात. जगातल्या कोणत्याही संग्रहालयानं जीव टाकावा अशी ती वस्तू, पण जपून ठेवण्याचा विचार तिथे कुणाच्या मनात येत नाही. घरातली मूर्ती भंगली तर ती पूजेत ठेवू नये, पाण्यात सोडावी, असं सांगितलेलं आहे. देऊळ मोडकळीला आलं तर त्याचा जीर्णोद्धार करायचा असतो, आणि कधी कधी या जीर्णोद्धारानं सुंदर जुनं कोरीवकाम रंगाखाली आणि फरशीखाली गाडलंही आहे. ते नुकसान खरं आहे आणि मला ते बोचतं. पण त्यातून एक गोष्ट लख्ख दिसते. परंपरेनं वस्तू पुढे दिली नाही, वस्तूशी वागण्याची रीत पुढे दिली. वस्तू झिजणार, फुटणार, बुडणार हे तिनं धरूनच ठेवलं होतं. आपण आज जे करतो ते याच्या नेमकं उलट आहे: वस्तू जपतो आणि रीत सोडून देतो.

मग ज्या वस्तूची सेवा एकदा सुरू झाली, ती थांबल्यावर वस्तू मोकळी होते का? या प्रश्नावर न्यायालयांनाही डोकं शिणवावं लागलं आहे. कलकत्त्याच्या मल्लिक घराण्यात कुलदेवतेची पूजा वारसांमध्ये पाळीनं चाले. आपली पाळी आली की देव आपल्या घरी नेता यावा, असं एकाचं म्हणणं होतं. वाद लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला आणि १९२५ मध्ये निकाल लागला की घरचा देव ही इकडून तिकडे हलवायची जंगम मालमत्ता नव्हे. त्याचं स्वतःचं हित आहे, त्याची इच्छा विचारात घेतली पाहिजे आणि ती मांडायला तटस्थ माणूस नेमला पाहिजे. परक्या देशातल्या, परक्या धर्माच्या न्यायाधीशांनी हे मानलं, ही मला फार अर्थपूर्ण गोष्ट वाटते. दुसरं उदाहरण तमिळनाडूतल्या पत्तूरच्या नटराजाचं. ही कांस्यमूर्ती शतकानुशतकं जमिनीत पुरलेली होती. १९७६ मध्ये खणताना सापडली, गुपचूप विकली गेली आणि लंडनला पोचली. मधल्या सगळ्या काळात तिला कुणी फूल वाहिलं नव्हतं, देऊळही पडकं होतं. तरीही त्या देवळाला स्वतःच्या नावानं दाद मागता येते हे इंग्लंडच्या अपील न्यायालयानं १९९१ मध्ये मान्य केलं आणि नटराज परत आला. सेवा खंडली म्हणून नातं संपत नाही, ते थकबाकीसारखं शिल्लक राहतं, असा या निकालाचा अर्थ मी घेतो. कायदा हा काही अध्यात्माचा पुरावा नव्हे. पण चांगला कायदा समाजाच्या मनातलं काहीतरी शब्दांत पकडतो, आणि इथे त्यानं पकडलं ते हे की काही वस्तूंचे आपण धनी नसतो, फार तर पाळीवर असलेले पुजारी असतो. टाक विकत घेणाऱ्यानं चांदीची किंमत दिलेली असते. पाळी मात्र त्याला फुकट मिळालेली असते.

हे देवाच्या वस्तूंपुरतं झालं, जात्याला आणि घंगाळाला ते कसं लागू होईल, असं विचारता येईल. मराठी घरात देव आणि अवजार यांच्यामधली रेघ फार पुसट आहे. खंडेनवमीला सुतार पटाशीची पूजा करतो, शिंपी मशीनची, आणि हल्ली कार्यालयात संगणकालाही झेंडूचं फूल ठेवतात. पूजा करायची ती चालत्या हत्याराची, गंजून पडलेल्याची नाही. मूल जन्मलं की पाचवी-सहावीला पाट्या-वरवंट्याची पूजा होते. बारशाला वरवंट्याला कुंची घालून पाळण्यात ठेवतात आणि मगच बाळाला ठेवतात. लग्नाआधी घाणा भरताना जात्याला आणि मुसळाला हळकुंड नि आंब्याची पानं बांधतात, सुवासिनी हात लावतात आणि तिथे थोडी हळद दळली जाते. या वस्तूंना मान मिळत होता तो कामाचा होता, आणि काम चालू होतं म्हणून मिळत होता. आनंद कुमारस्वामी हे १९१७ पासून अखेरपर्यंत बोस्टनच्या संग्रहालयात होते. भारतीय कलेचा तिथला संग्रह त्यांच्या हाताखाली होता. तरी ते आयुष्यभर सांगत राहिले की या वस्तू पाहण्यासाठी बनलेल्याच नव्हत्या, वापरासाठी बनल्या होत्या, आणि वापरापासून तोडलेलं सौंदर्य म्हणजे वस्तूबद्दलचं अर्धंच ज्ञान. संग्रहालयात बसून संग्रहालयाविषयी असं बोलायला प्रामाणिकपणा लागतो. माझं म्हणणं त्यांच्या म्हणण्यापासून फार लांब नाही: वस्तूचा मान तिच्या कामात असतो, म्हणून जुनी वस्तू घरात आणणं म्हणजे एक काम अंगावर घेणं आहे.

यावर पहिला आक्षेप असा, की हा सगळा सौंदर्यदृष्टीचा मामला आहे, त्यात धर्म आणि कर्तव्य कशाला आणायचं? पितळेची पिवळी झाक राखाडी भिंतीवर छान दिसते, एवढंच. पण एवढंच असतं तर नवी नक्कल पुरली असती, आणि ती स्वस्तात मिळते. कारागीर नव्या लाकडाला साखळीनं ठोकून, पॉलिश मारून, शंभर वर्षांचं करून देतात. तरीही आपण आणलेली वस्तू बनावट जुनी आहे असं कळलं की माणूस खट्टू होतो. दिसण्यात तर काहीच बदललेलं नसतं, मग हिरावलं काय गेलं? राजा रविवर्म्याच्या छापखान्यातल्या तसबिरींचं उदाहरण घ्या. १८९४ मध्ये मुंबईत सुरू झालेला आणि पुढे मळवलीला गेलेला हा छापखाना लक्ष्मी-सरस्वतीची रंगीत चित्रं हजारोंनी छापत असे. छापील असूनही त्यांची पूजा झाली. बायकांनी त्यांच्यावर जरीचे तुकडे आणि टिकल्या चिकटवल्या, कपाळाला रोज कुंकू लावलं. आज अशी तसबीर विकत घेणारा त्या टिकल्या आणि कुंकवाचे डाग आवर्जून शोधतो, कारण ती खरी जुनी असल्याची खूण तीच. म्हणजे तो पैसे मोजतो ते कुणीतरी केलेल्या सेवेच्या खुणांचे. रसिकतेच्या नावाखाली त्यानं आधीच मान्य केलेलं आहे की वस्तूची किंमत तिच्या नात्यात आहे. फक्त ते नातं दुसऱ्यानं पाळलेलं असावं, एवढी सोय त्यानं पाहिलेली असते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. हौशी लोकांनी उचललं नसतं तर हे सगळं मोडीत गेलं असतं. पितळ किलोवर गेलं असतं, सागवान चुलीत गेलं असतं. हे खरं आहे, आणि वाचवणाऱ्याचे उपकार मानायलाच हवेत. दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) यांनी पुण्यात हेच केलं. लोकांनी अडगळीत टाकलेले अडकित्ते, दिवे, पानपुडे, दौती, लाकडी दारं ते गावोगाव हिंडून जमवत राहिले. अज्ञातवासी या नावानं कविता करणारा हा माणूस. अकाली गेलेल्या मुलाचं, राजाचं, नाव त्यानं संग्रहाला दिलं. कोथरूडचा मस्तानी महाल मोडला तेव्हा त्याचे भाग आणून त्यांनी तो संग्रहालयात पुन्हा उभा केला. आता कुणी म्हणेल, केळकरांनी मांडलेला अडकित्ताही सुपारी कातरत नाही, मग दिवाणखान्यातल्या अडकित्त्यानं काय घोडं मारलं? फरक आहे. संग्रहालयात वस्तू ठेवली जाते ती तिच्या कामाची साक्ष म्हणून. अडकित्ता कशासाठी, त्यावर मोर किंवा मैना का, विडा करण्याच्या कोणत्या रिवाजात तो बसत होता, हे तिथे तिच्यासोबत राहतं, निदान राहावं असा प्रयत्न असतो. दिवाणखान्यात नेमकं हेच सोबत येत नाही. घंगाळाला पाहुणे कुंडी समजतात आणि कुणी दुरुस्त करत नाही. भट्टीतून वाचलेली वस्तू विस्मरणात वितळते. वाचवणं हे उपकाराचं काम आहेच, पण ज्यानं वाचवलं त्याच्यावर निदान तिची ओळख राखण्याची जबाबदारी येते.

तिसरा आक्षेप सर्वांत टोकदार, आणि त्याच्याकडे पाठ फिरवून हा विषय मांडणं मला अप्रामाणिक वाटेल. वस्तूचं काम जपा म्हणता, पण ते काम कसलं होतं? जातं म्हणजे पहाटे अंधारात उठून खांद्यातून येणारी कळ. वाड्याचा दरवाजा म्हणजे कुणी आत यायचं आणि कुणी अंगणाबाहेर उभं राहायचं याचा निवाडा. सोवळ्याओवळ्याची भांडी वेगळी, वरून ओतलेलं पाणी वेगळं. त्या कामातून या वस्तू सुटल्या हे बरंच झालं नाही का? मनीप्लँटचं जातं निदान कुणाला राबवत तरी नाही. या म्हणण्यातली वेदना मला पूर्ण मान्य आहे. पण मनीप्लँट लावल्यानं ते राबणं पुसलं जातं, त्याचा हिशेब होत नाही. जात्यावर बायकांनी काय सोसलं हे आपल्याला कळतं ते ओव्यांतून. हेमा राईरकर आणि गी पॉइटवॅं यांनी खेड्यापाड्यांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा करवल्या. त्यांत सासुरवास आहे, माहेरची वाट आहे, जातीचे चटके आहेत, बाबासाहेबांचं नाव आहे आणि पंढरीही आहे. गिरणी आली, जातं थांबलं, आणि कुणी ऐकायला गेलं नसतं तर तो आवाजही थांबला असता. पंढरपूरजवळ गोपाळपूरला जनाबाईचं म्हणून एक जातं दाखवतात. भाविक त्याला हात लावतात. परंपरेनं जपलेलं हे जुनं जातं तर आहेच, पण तिथे राबणाऱ्या दासीचं नाव आधी येतं आणि दगड नंतर. विठ्ठलसुद्धा तिथे खुंट्याला हात लावायला येतो. पुण्यात गंज पेठेत जोतीराव फुल्यांच्या वाड्यातला हौद जपला आहे, तोही त्याच्या कामासाठी: १८६८ मध्ये तो अस्पृश्य मानलेल्यांना खुला झाला. वाड्याच्या दाराची जी जखम होती, तिच्यावरचा उपाय त्या हौदानं केला. म्हणजे कामासकट जपणं याचा अर्थ अन्यायासकट मिरवणं असा होत नाही. अन्याय झाल्याचं कबूल करून जपणं असा होतो. सजावट हे कबूल करू शकत नाही, कारण सजावटीला प्रसन्न दिसायचं असतं.

ज्याच्या लेखी सर्वत्र एकच तत्त्व भरलेलं आहे, तो म्हणेल की दगड, टाक, टीपॉय सगळं सारखंच, यात गुंतणं हाच मोह. संतांनीही दगडाच्या देवाची कानउघाडणी केलीच आहे. ते खरं, पण सगळं सारखंच पवित्र असेल तर सगळ्याशीच जपून वागायला हवं. बेफिकिरीचा परवाना त्यातून निघत नाही. ईशोपनिषद आरंभीच सांगतं की हे सारं ईशानं व्यापलेलं आहे, म्हणून भोग घ्यायचा तो सोडत सोडत. आपलं म्हणून कवटाळायचं नाही, या शिकवणीची कसोटी एखाद्या तत्त्वचर्चेपेक्षा माळ्यावरच्या पितळेच्या पातेल्यावर अधिक चांगली लागते.

त्या पातेल्याचंच पाहू, कारण काम अंगावर घेणं म्हणजे काय, ते तिथे डोळ्यांना दिसतं. पितळेच्या पातेल्याला आतून कथिलाचा मुलामा लागतो. तो उडाला की आमटी, ताक, आंबट काहीही कळकतं. मग कल्हईवाला भट्टी लावतो, भात्यानं निखारे फुलवतो, पातेलं चिमट्यात धरून लालसर तापवतो, नवसागराची चिमूट टाकतो, पांढरा धूर उठतो, कथिलाची कांडी आतून टेकवतो आणि कापसाच्या बोळ्यानं ते वितळलेलं कथील एका हिसक्यात चौफेर फिरवतो. काळं पडलेलं पोट क्षणात चांदीसारखं होतं. पुढे वापरातून ते पुन्हा उडणार, पुन्हा कल्हई लागणार. शोभेच्या कपाटातल्या पितळेला याची गरज पडत नाही, तिला वर्षातून एकदा पॉलिश पुरतं. ज्या घरात महिन्यातून दोनदा का होईना अशा पातेल्यात आमटी उकळते, तिथे कल्हईवाला जगतो आणि पुण्याच्या तांबट आळीत मठाराचे, म्हणजे भांड्यावर ठोके घालणारे, हात चालू राहतात. समईत तेल घालून तिन्हीसांजेला वात लावणं, वाड्याचं दार आडवं न टाकता दार म्हणूनच उभं करणं, झोपाळ्याच्या कड्यांना तेल देऊन त्यावर रोज बसणं, घरातल्या लग्नात तेच जातं काढून चार मुठी हळद दळणं, यांत अवघड काही नाही. जिथे काम खरोखरच संपलंय, तिथे वस्तू कुणाच्या हातची आणि कशासाठी होती हे घरातल्या मुलांना माहीत असलं तरी तिची बरीच थकबाकी फिटते. आणि हेही जमणार नसेल, तर पुढे देऊन टाकावी. वस्तू सोडण्यातही रीत असते.

टाकांच्या बाबतीत ही रीत फार पूर्वीपासून ठरलेली आहे. घरात लग्न निघालं की देव सोनाराकडे उजळायला जातात. खंडोबा ज्यांचं कुलदैवत आहे ती माणसं टाक घेऊन जेजुरीला देवभेटीला जातात, गडावर भंडारा उधळला जातो आणि घरचा देव मूळच्या देवाला भेटून परत येतो. टाक इतका झिजला की उठावच दिसेना, तर अनेक घरांत सोनाराला सांगतात की याच चांदीत थोडी भर घालून नवा कर. सोनार जुना टाक मुशीत टाकतो. सपाट झालेलं नाक, विरलेले घोड्याचे पाय, खाचांतली हळद, जुन्या बाजारात ज्याचे पैसे मोजले गेले असते ते सगळं काही मिनिटांत जातं. संध्याकाळी घरी येतो तो कोरा, धारदार नाकाचा, चकचकीत खंडोबा. त्याला दुधानं आणि पाण्यानं स्नान घालतात, हळद लावतात, जुन्याच जागी बसवतात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कुणाचं तरी बोट त्याच्या कपाळावर गंध लावायला टेकतं.